'आलमआरा'च्या आधीची जुबेदा

जुबेदाचं नाव निघालं की लोक लगेच 'आलमआरा' म्हणतात. बरोबरच आहे, देशातल्या पहिल्या बोलपटाची ती नायिका. पण १४ मार्च १९३१ ला तो पिक्चर मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात लागला तेव्हा जुबेदा काही नवखी नव्हती. विशी गाठेपर्यंत तिने कितीतरी मूकपट केले होते. त्यांच्याबद्दल आपल्या घरांत फारसं बोललं जात नाही.

जन्म १९११ चा, सुरतेचा. अम्मी फातमा बेगम उर्दू नाटकांतून आलेल्या. वडील म्हणून सुरतेजवळच्या सचिन संस्थानच्या नवाबांचं नाव घेतात. हे नवाब म्हणजे आपल्या जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्याचीच एक शाखा. मात्र निकाहाची किंवा मुलींना कायद्याने आपलं म्हटल्याची नोंद मिळत नाही. आमच्या मते या मुलींना घडवलं ते अम्मीनेच.

त्या काळी कुठल्याच समाजातल्या शरीफ घरची बाई पडद्यावर येत नसे. बायकांची कामं बऱ्याचदा पुरुषच करायचे. फातमा बेगम १९२२ च्या 'वीर अभिमन्यू'त आल्या, आणि सुलताना, जुबेदा, शहजादी या तिन्ही मुलीही याच धंद्यात उतरल्या. जुबेदाने सुरुवात केली तेव्हा ती जेमतेम बारा वर्षांची. १९२५ या एका सालात तिचे नऊ पिक्चर आले, 'काला चोर', 'देवदासी' वगैरे. पुढच्याच वर्षी अम्मीने स्वतःची कंपनी काढून 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. भारतातली पहिली बाई दिग्दर्शक ती हीच, आणि पडद्यावर जुबेदा.

१९२७ चा 'बलिदान' टागोरांच्या नाटकावर बेतलेला. त्यात जुबेदासोबत सुलोचना आणि मास्टर विठ्ठल. सुलोचना म्हणजे यहुदी घरातल्या रूबी मायर्स, त्या काळच्या सर्वात मोठ्या तारका. मास्टर विठ्ठल मराठी, तलवारबाजीचे हिरो.

चार वर्षांनी पडदा बोलू लागला आणि तिघांचं नशीब बदललं. अर्देशीर इराणींनी विठ्ठलना 'आलमआरा'साठी घेतलं, तेव्हा आधीच्या कंपनीने करार मोडला म्हणून त्यांना कोर्टात खेचलं. विठ्ठलची बाजू लढवली बॅरिस्टर महंमद अली जिनांनी, आणि केस जिंकली. पण उर्दू बोलणं विठ्ठलना जमेना, म्हणून बोलपटाच्या हिरोला बराच वेळ बेशुद्धच ठेवावं लागलं! सुलोचनांनाही हिंदुस्तानी शिकायला काही काळ थांबावं लागलं. जुबेदाला मात्र उर्दू घरातूनच मिळालेली. त्या वेळी प्लेबॅक नव्हतं, जो पडद्यावर तोच गाणार. स्टुडिओजवळून रेल्वे जायची, त्यामुळे शूटिंग गाड्या थांबल्यावर रात्री व्हायचं. पिक्चर लागला तेव्हा गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले, चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना विकलं गेलं.

१९३४ मध्ये तिने नानूभाई वकिलांसोबत महालक्ष्मी मूव्हीटोन ही कंपनी काढली. पुढे हैदराबादच्या राजा धनराजगीर यांच्याशी लग्न झालं, आणि पिक्चर हळूहळू कमी होत गेले. २१ सप्टेंबर १९८८ ला मुंबईत तिचा इंतकाल झाला. 'आलमआरा'ची प्रिंट आज कुठेच नाही. मूकपटांचंही जवळपास तेच झालं. उरलेत ते काही फोटो आणि जाहिराती.