एलायझाचे जनक जोसेफ वायझेनबाउम: दोन सत्रांमधल्या दिवसांसाठी एक धडा

मानसोपचाराचे सत्र साधारण पाऊण ते एक तासाचे असते आणि पुढची तारीख बहुधा आठ-पंधरा दिवसांनी मिळते. मधले दिवस रुग्णाला स्वतःच काढावे लागतात. या दिवसांत सोबत करणारी, एआयवर चालणारी ॲप आता मोबाइलवर मिळतात. ती वापरावीत का, असे रुग्ण आणि नातेवाईक अनेकदा विचारतात. त्याचे उत्तर शोधताना जोसेफ वायझेनबाउम यांचे आयुष्य उपयोगी पडते. संगणकाशी मनातले बोलता येईल असा पहिला गाजलेला प्रोग्राम त्यांनी लिहिला आणि त्याच्या धोक्याची जाणीवही त्यांनीच करून दिली.

बर्लिन ते एमआयटी

वायझेनबाउम यांचा जन्म ८ जानेवारी १९२३ रोजी बर्लिनमध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. नाझी राजवटीच्या छळामुळे १९३६ मध्ये हे कुटुंब अमेरिकेला गेले. डेट्रॉइटमध्ये त्यांनी गणिताचे शिक्षण सुरू केले. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी लष्करात हवामान विभागात होते. युद्धानंतर शिक्षण पूर्ण करून ते संगणकाकडे वळले. बँकेतले चेक यंत्राने हाताळण्याच्या एका मोठ्या प्रकल्पावर त्यांनी काम केले आणि १९६३ मध्ये ते एमआयटी या संस्थेत आले.

एलायझा कशी चालायची?

१९६४ ते १९६६ या काळात त्यांनी एलायझा हा प्रोग्राम तयार केला. हे नाव बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकातल्या नायिकेचे. त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' लिहिले, त्यामुळे ही मुलगी मराठी प्रेक्षकांच्या ओळखीची आहे.

एलायझाची सर्वांत गाजलेली भूमिका मानसोपचारतज्ज्ञाची होती. कार्ल रॉजर्स यांच्या पद्धतीत समुपदेशक सल्ला कमी देतो आणि रुग्णाचेच बोलणे त्याच्यासमोर पुन्हा मांडतो. वायझेनबाउम यांनी तीच पद्धत निवडली, कारण असे बोलायला यंत्राला जगाची माहिती लागत नाही. प्रोग्राम वाक्यातला ठरावीक शब्द शोधायचा आणि तेच वाक्य फिरवून प्रश्न करायचा. आईचा उल्लेख आला, की घरच्यांबद्दल आणखी विचारायचा. बोलण्याचा अर्थ त्याला अजिबात कळत नव्हता.

अनपेक्षित परिणाम

वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने हे काम कित्येक महिने जवळून पाहिले होते. समोर यंत्र आहे हे तिला पक्के ठाऊक होते. तरीही दोन-चार वाक्ये टाइप केल्यावर तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. पुढे सर्व संभाषणे तपासता येतील अशी सोय करावी, असे त्यांनी सुचवले, तेव्हा लोकांनी आक्षेप घेतला. आपले खासगी विचार कोणी चोरून वाचावेत हे त्यांना मान्य नव्हते.

काही मानसोपचारतज्ज्ञ तर याहून पुढे गेले. डॉक्टर कमी असलेल्या रुग्णालयांत असे यंत्र तासाला शेकडो रुग्ण हाताळू शकेल, अशी शक्यता त्यांनी मांडली. वायझेनबाउम यांना याचा धक्का बसला. १९७६ मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिले. संगणकाला एखादे काम जमेल की नाही हा एक प्रश्न आणि ते त्याच्याकडे सोपवावे की नाही हा दुसरा, अशी त्यांची भूमिका होती. ज्या कामाला करुणा आणि शहाणपण लागते, ते माणसाकडेच राहावे असे त्यांचे मत होते. १९९६ मध्ये ते बर्लिनला परतले. ५ मार्च २००८ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आपल्यासाठी याचा अर्थ

आजची एआय एलायझापेक्षा कितीतरी सफाईने बोलते. पण यंत्राशी जवळीक वाटण्याचा माणसाचा स्वभाव तोच आहे. मन मोकळे केल्यावर वाटणारा हलकेपणा खरा असतो, पण समोरच्या यंत्रावर तुमची जबाबदारी नसते. म्हणून ॲप निवडताना एवढे पाहा:

- आपण यंत्र आहोत हे ते स्पष्ट सांगते का?
- त्याचे काम मर्यादित आहे का? मनःस्थितीची नोंद, श्वसनाचे व्यायाम, थेरपिस्टने दिलेल्या गृहपाठाची आठवण, इतपत ठीक. निदान करणे किंवा औषध बदलायला सांगणे हे त्याचे काम नाही.
- तुमचे बोलणे कुठे साठते आणि कोण वाचू शकते, हे कळते का?
- जिवाचा धोका दिसताच ते तुम्हाला माणसाकडे पाठवते का?

ॲपमधल्या नोंदी पुढच्या सत्रात थेरपिस्टला दाखवा. ॲपमुळे बरे वाटते म्हणून सत्र चुकवू नका आणि औषध स्वतःहून बंद करू नका. घरच्यांनीही लक्ष ठेवावे. रुग्ण माणसांशी बोलणे टाळून फक्त मोबाइलशीच बोलू लागला, तर ते डॉक्टरांना सांगा.

आत्महत्येचे विचार येत असतील तर ॲपवर थांबू नका. जवळच्या व्यक्तीला लगेच सांगा आणि टेली मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तो २४ तास सुरू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२ लावा किंवा सरळ जवळच्या रुग्णालयात जा, आणि रुग्णाला एकटे सोडू नका.