पेप्टाइडला नाव देणारे रसायनशास्त्रज्ञ

सुरकुत्या घालवणारे मलम, सांध्यांसाठी दुधात ढवळून घ्यायची पावडर, वजन उतरवणारे आठवड्याचे इंजेक्शन. या सगळ्यांच्या जाहिरातींत हल्ली एक शब्द हमखास असतो, तो म्हणजे पेप्टाइड. शब्द नवा वाटतो, पण त्याला सव्वाशे वर्षे होत आली. तो रूढ केला एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी. ज्या ग्रीक शब्दावरून त्यांनी तो घडवला त्याचा अर्थ आहे ‘पचलेले’. हा अर्थ ध्यानात ठेवावा, पुढे कामाला येईल.

फिशर यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८५२ रोजी कोलोनजवळच्या ऑइसकिर्शेन गावी झाला. वडील व्यापारी. मुलाने धंदा सांभाळावा म्हणून त्याला मेहुण्याच्या लाकडाच्या व्यवसायात बसवले, पण त्याचे मन तिथे रमले नाही. अखेर वडिलांनी नाद सोडला आणि शिकायला परवानगी दिली. बॉनमध्ये केकुले आणि स्ट्रासबर्गमध्ये बायर असे त्या काळातले दोन मोठे गुरू त्यांना मिळाले. १८८३ मध्ये बीएएसएफ या रंग बनवणाऱ्या बलाढ्य कंपनीने आपली प्रयोगशाळा चालवण्यासाठी त्यांना बोलावले. त्यांनी नकार दिला. घरचा पैसा पाठीशी होता, म्हणून तो देता आला हेही खरे.

१८७५ मध्ये, वयाच्या तेविशीच्या आतच, त्यांच्या हाती फिनाइलहायड्रॅझिन हे द्रव्य लागले. साखरेचे पाक सहजी स्फटिक बनत नाहीत, चिकट राहतात. म्हणून त्यांना वेगळे करणे, ओळखणे जिकिरीचे होते. हे द्रव्य साखरेशी जोडले की पिवळे, सुबक स्फटिक मिळत. त्यावर कित्येक वर्षे काम करून फिशर यांनी ग्लुकोजची रचना उलगडली. तेच अणू वेगवेगळ्या दिशांना मांडून अशा सोळा साखरा होऊ शकतात. त्यांपैकी ग्लुकोज नेमकी कोणती, हे त्यांनी १८९१ मध्ये तर्काने आणि प्रयोगाने सांगितले. अणूंची मांडणी प्रत्यक्ष दाखवणारे एकही यंत्र तेव्हा नव्हते.

किंमत मात्र शरीराने मोजली. फिनाइलहायड्रॅझिन विषारी आहे. ते त्वचेतून आणि श्वासातून आत जाते, तांबड्या रक्तपेशी फोडते. वर्षानुवर्षे त्याच्या सहवासात राहून फिशर यांना इसब आणि पोटाचे विकार जडले. पाऱ्याच्या संयुगांची बाधाही त्यांना झाली होती. आज प्रयोगशाळेत जे काम हातमोजे घालून, वायू खेचणाऱ्या बंद कपाटात करतात, ते त्या पिढीने उघड्या टेबलावर केले. घरीही सुख टिकले नाही. १८८८ मध्ये अ‍ॅग्नेस यांच्याशी लग्न झाले आणि सातच वर्षांत त्या गेल्या. मागे तीन लहान मुलगे होते.

१९०२ मध्ये साखरा आणि प्युरिन यांवरील कामासाठी त्यांना नोबेल मिळाले. चहा-कॉफीतले कॅफीन आणि आपल्या सांध्यांत साचून छळणारे युरिक आम्ल एकाच कुळातली, हे त्यातूनच स्पष्ट झाले. पण आजच्या औषधांच्या दृष्टीने मला त्यांचे १८९४ मधले निरीक्षण अधिक मोलाचे वाटते. यीस्टमधले एन्झाइम साखरेच्या संयुगाचे एकच रूप तोडी. जवळजवळ तसेच दिसणारे दुसरे रूप त्याला तुटत नसे, ते मात्र बदामातले एन्झाइम तोडी. म्हणजे एन्झाइम आणि त्याचे भक्ष्य यांचे नाते कुलूप-किल्लीचे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

मग ते प्रथिनांकडे वळले. अमिनो आम्ले साखळीच्या कड्यांसारखी एकमेकांत अडकून प्रथिन बनते, ही कल्पना त्यांनी १९०२ मध्ये कार्ल्सबाडच्या संमेलनात मांडली. योगायोग असा, की त्याच दिवशी, तिथेच, फ्रान्झ होफमायस्टर यांनीही ती मांडली. फिशर नुसते मांडून थांबले नाहीत, साखळ्या करू लागले. दोन कड्यांपासून सुरुवात करून १९०७ मध्ये अठरा कड्यांपर्यंत पोहोचले. या घरच्या साखळ्या त्यांनी स्वादुपिंडाच्या रसात घातल्या. काही तुटल्या, काही नाही. उजव्या-डाव्या हातासारखी दोन रूपे असलेल्या साखळ्यांतले निसर्गातले रूपच रसाने तोडले. पुन्हा कुलूप-किल्ली. एका बाबतीत मात्र ते चुकले. हजारो अणूंची अजस्र साखळी असू शकते, हे त्यांना शेवटपर्यंत पटले नाही.

आता ‘पचलेले’ या शब्दाकडे येऊ. पेप्टाइड पोटात गेले की पचते, म्हणून ५१ कड्यांचे इन्शुलिन सहसा टोचून घ्यावे लागते. जेवल्यावर आतड्यातून सुटणारे जीएलपी-१ हे संप्रेरक तर रक्तातही एक-दोन मिनिटांत निकामी होते. डीपीपी-४ नावाचे एन्झाइम त्याचे टोक छाटते. सेमाग्लुटाइडमध्ये त्या टोकाशी एक कडी बदलली आहे. किल्लीचा दात असा घासला, की छाटणाऱ्या कुलपात ती बसत नाही; सोबत जोडलेल्या मेदाम्लाच्या शेपटीमुळे ते रक्तातल्या प्रथिनाला धरून राहते. त्यामुळे आठवड्याला एक इंजेक्शन पुरते. (त्याची गोळीही निघाली आहे, पण तिच्यातला अगदी थोडा अंश रक्तात पोहोचतो.) मधुमेहींच्या ओळखीच्या सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन या गोळ्या उलट बाजूने काम करतात, त्या कुलपातच अडकून बसतात. वार्धक्यातल्या अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे अमिलॉइड-बीटा हेही चाळीस-बेचाळीस कड्यांचे पेप्टाइडच, मोठ्या प्रथिनातून एन्झाइमांनी कापलेले.

दुधात ढवळलेले कोलॅजेनही पोटात याच कात्रीखाली येते. ते अखंड उचलून कोणी गुडघ्यात नेऊन बसवत नाही. आणि तारुण्य टिकवण्याच्या नावाखाली इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या बीपीसी-१५७ सारख्या कुप्यांमागचा पुरावा बहुतांशी प्राण्यांवरच्या प्रयोगांचा आहे. डॉक्टरांना न विचारता त्या टोचून घेऊ नयेत.

फिशर यांची अखेरची वर्षे वाईट गेली. पहिल्या महायुद्धात जर्मनीची रासायनिक सामग्री जुळवण्याचे काम त्यांच्यावर पडले आणि त्याच काळात तीनपैकी दोन मुलगे गेले. युद्ध हरल्यावर देश उपाशी, प्रयोगशाळा ओस. स्वतःला आतड्याचा कर्करोग. १५ जुलै १९१९ रोजी बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी टोरांटोत इन्शुलिन हाती आले. उरलेला मुलगा हर्मन वडिलांचेच शास्त्र शिकला आणि पुढे कॅलिफोर्नियात बर्कलेला प्राध्यापक झाला. एमिल फिशर यांची कागदपत्रे आज तिथल्याच बॅनक्रॉफ्ट ग्रंथालयात आहेत.