रूळ आणि रंगमंच : नाना शंकरशेट

डिप्लोमाला असताना १६ एप्रिल १८५३ ही तारीख आम्ही घोकून पाठ केली होती. बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, सुमारे चारशे प्रवासी आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिने. रेल्वेत लागल्यावर दरवर्षी एप्रिलमधल्या भाषणांतून ती ऐकत आलो. पण त्याच वर्षी, गाडी सुटण्याआधी काही आठवडे, मुंबईत मराठी नाटकाचाही पडदा वर गेला होता, हे मला फार उशिरा कळले. दोन्ही गोष्टींच्या मागे एकच गृहस्थ होते.

जगन्नाथ शंकरशेट, म्हणजेच नाना, यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा, मुरबाडचा. घराणे दैवज्ञ सराफ-व्यापाऱ्यांचे, पैसा मुबलक. तो त्यांनी शाळांना दिला. मुलींच्या शाळेला स्वतःच्या वाड्यात जागा दिली. त्या काळी हे सोपे नव्हते. १८४५ मध्ये रेल्वेसाठी समिती स्थापन झाली तेव्हा सर जमशेटजी जिजीभाईंबरोबर नाना पुढे होते. पुढे जी.आय.पी. रेल्वेच्या कारभारातही या दोघांना स्थान मिळाले.

एवढे आपल्या खात्यात बहुतेकांना ठाऊक असते. नाटकाचे मात्र कोणी सांगत नाही.

कोटातले साहेबांचे जुने थिएटर १८३५ मध्ये विकले गेले. नवे बांधायचे तर जागा हवी. नानांनी ग्रँट रोडवरची आपली जागा दिली आणि १८४६ मध्ये तिथे नाट्यगृह उभे राहिले, अर्थात इंग्रजी नाटकांसाठी. पण साहेब राहणार कोटाकडे, त्यांना ते लांब पडू लागले. आमच्या भाषेत सांगायचे तर अलाइनमेंट चुकली! तीच चूक आपल्या पथ्यावर पडली. कारण आसपासची वस्ती एतद्देशीयांची होती.

इकडे सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सीतास्वयंवराचा खेळ केला होता. राजाश्रय संपल्यावर ते मंडळी घेऊन बाहेर पडले आणि १८५३ मध्ये मुंबईस आले. बोरघाटातून गाडी धावू लागली ती १८६३ साली, म्हणजे ही माणसे सारे सामानसुमान घेऊन रस्त्याने घाट उतरली असणार. मार्चमध्ये त्यांचा खेळ ग्रँट रोडच्या नाट्यगृहात झाला. साहेबांच्या रंगमंचावर मराठी बोल उमटले. त्याच वर्षी पारशी मंडळींनीही तिथे नाटके सुरू केली. पुढे तर नाटक कंपन्या पडदे, पेट्या रेल्वेने घेऊन गावोगाव फिरू लागल्या.

इथे थोडे घरचे बोलतो. आपल्या मंडळाचे तीन अंकी नाटक तीन वर्षे झाले नाही. नट आहेत, पेटीवाले आहेत, संध्याकाळी तालमीला दोन तास खोली मिळत नाही. वर्गणी सगळे देतात, जागा कोणी देत नाही. नानांकडे पैसा होता हे खरेच, पण त्या दिवशी उपयोगी पडली ती जमीन.

१८५७ च्या धामधुमीत सरकारने त्यांच्यावर संशय घेतला, तो खोटा ठरला. १८६२ मध्ये ते मुंबईच्या विधिमंडळात गेले. ३१ जुलै १८६५ रोजी त्यांचे निधन झाले.

नाट्यगृह आता नाही. स्टेशनला आणि रस्त्याला नाव पडले ते गव्हर्नर ग्रँटचे. त्या भागाला मात्र लोक पिला हाऊस म्हणत आले. मूळ शब्द प्ले हाऊस.