लिंडन जॉन्सन आणि मतदारयादी

वाचकहो, नागरी हक्कांच्या बाजूने उभे राहिल्याने पुढाऱ्याची मते वाढतात की घटतात? अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचे आयुष्य पाहा.

१९०८ साली टेक्सासमध्ये जन्म. १९२८ मध्ये कोटुला गावी ते मेक्सिकन वंशाच्या मुलांचे शिक्षक होते. मुले उपाशीपोटी शाळेत येत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. (आम्हा मास्तरांना हे नवे नाही.) तरीही १९३७ साली संसदेत गेल्यावर हेच गृहस्थ जवळजवळ वीस वर्षे नागरी हक्कांच्या विधेयकांविरुद्ध मत देत राहिले. गोऱ्या मतदाराचा धाक!

२ जुलै १९६४ रोजी त्यांनीच नागरी हक्क कायद्यावर सही केली. प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांनी सिनेटमध्ये त्याविरुद्ध मत दिले होते. नोव्हेंबरात जॉन्सन यांनी ४४ राज्ये जिंकली. गोल्डवॉटरना सहाच मिळाली, त्यांतली पाच दक्षिणेतली. मिसिसिपीत तर त्यांना ८७ टक्के मते! पण हा कौल कोणाचा, ते विचारा. तिथे काळ्या प्रौढांपैकी शंभरात सातजणही मतदारयादीत नव्हते. नाव नोंदवायला गेलेल्या माणसाला राज्यघटनेचे कलम समजावून सांगावे लागे, आणि उत्तर बरोबर की चूक हे गोरा कारकून ठरवी.

१९६५ साली जॉन्सन यांनी मतदान हक्क कायदा आणला. गोरी दक्षिण हळूहळू त्यांच्या पक्षाला दुरावली. व्हिएतनाम युद्धाने जेरीस आलेले जॉन्सन १९६८ ची निवडणूक लढले नाहीत. १९७३ मध्ये वारले.

मिसिसिपीत मात्र १९६७ पर्यंत ते सातचे प्रमाण साठाच्या घरात गेले होते. त्याच वर्षी तिथल्या विधिमंडळावर त्या शतकातला पहिला काळा सभासद निवडून आला. रॉबर्ट क्लार्क त्यांचे नाव; तेही शिक्षकच.