पुडीबरोबर माहिती देणारे कर्वे

आंजर्ले म्हटले की कड्यावरचा गणपती आठवतो. हल्ली किनाऱ्यावरची कासवाची पिल्लेही आठवतात. गावाला लागून मुर्डी आहे. जोग नदीची खाडी ओलांडली की हर्णै बंदर आणि त्याच्या दक्षिणेला मुरुड. दापोली तालुक्यातल्या नारळी-पोफळीच्या या छोट्याशा पट्ट्यात १८९९ साली एकदम दोन आनंदाच्या बातम्या आल्या. मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. आणि मुरुडच्या कर्व्यांचा सतरा वर्षांचा मुलगा मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला आला. त्याचेही नाव रघुनाथच. दोन्ही घराणी नात्यातली आणि दोघांचाही विषय गणित. पहिले रघुनाथ पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, मंत्री झाले. दुसऱ्या रघुनाथाने गणिताची प्राध्यापकी करता करता जे काम अंगावर घेतले, ते खरे तर डॉक्टरांचे आणि औषधविक्रेत्यांचे होते. दोघांनीही त्या काळी ते नाकारले होते.

र. धों. कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, मुरुडचा. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते थोरले चिरंजीव. नऊ वर्षांचे असताना, १८९१ साली, त्यांची आई राधाबाई गेली. दोन वर्षांनी वडिलांनी विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरुडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. आपल्या माणसाने काहीही वाईट केलेले नसताना गाव त्याला वाळीत टाकू शकते, हे रघुनाथाने अकराव्या वर्षी पाहिले. लोक काय म्हणतील याची भीती त्यांना पुढे आयुष्यभर वाटली नाही, त्याचे मूळ इथे असावे.

फर्ग्युसनमधून बी.ए., मग प्राध्यापकी, मग गणिताच्या पुढच्या शिक्षणासाठी पॅरिस. फ्रेंच भाषेवर त्यांचे चांगले प्रभुत्व होते आणि लैंगिक विषयावरचे युरोपातले शास्त्रीय लेखन ते मुळातून वाचत. गंमत अशी, की ज्या फ्रान्समध्ये ते शिकले, त्याच फ्रान्सने १९२० साली कायदा करून संततिनियमनाच्या प्रचारावर बंदी घातली. मुंबईत मात्र तसा कायदा नव्हता. बंदी होती ती लोकलाजेची.

१९२१ साली कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे सल्लाकेंद्र सुरू केले. देशातले असे हे पहिलेच. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले तेही त्याच वर्षी. न्यूयॉर्कमध्ये मार्गारेट सँगर यांनी १९१६ मध्ये सुरू केलेले केंद्र पोलिसांनी काही दिवसांतच बंद पाडले होते. या तिघांमध्ये डॉक्टर एकही नव्हता. सँगर परिचारिका होत्या, स्टोप्स वनस्पतिशास्त्रज्ञ आणि कर्वे गणिती. वैद्यकीय पेशाला हे फारसे भूषणावह नाही. बाळंतपणात मरणाऱ्या बायका डॉक्टरांना रोज दिसत होत्या. सातव्या-आठव्या खेपेला रक्त आटून गेलेली बाई पुढच्या खेपेला वाचणार नाही, हेही त्यांना कळत होते. तरीही पुन्हा दिवस जाऊ देऊ नका एवढे सांगून ते थांबत. ते कसे, हे सांगत नसत.

काहींनी सांगितले तेही चुकीचे. पाळी आणि बीज सुटणे एकाच वेळी घडते, म्हणून दोन पाळ्यांच्या मधले दिवस सुरक्षित, असे एकोणिसाव्या शतकातली वैद्यकीय पुस्तके सांगत. प्रत्यक्षात नेमके तेच दिवस गर्भधारणेचे. जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी १९२० च्या दशकात हे स्वतंत्रपणे दाखवून दिले. म्हणजे डॉक्टरांचा सल्ला मानून संयम पाळणारी जोडपीच जास्त फसत होती.

आणि साधने? मुंबईच्या इंग्रजी धाटणीच्या केमिस्टांकडे परदेशी माल मिळे. रबरी निरोध होते, स्त्रीने वापरायची रबरी टोपी होती, स्पंज होते आणि क्विनीनच्या वड्या होत्या. लंडनच्या रेंडेल नावाच्या औषधविक्रेत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोकोच्या लोण्यात क्विनीन घालून योनीमार्गात ठेवायच्या या वड्या काढल्या. कल्पना हुशारीची होती. कोकोचे लोणी शरीराच्या उष्णतेला वितळते आणि आतले औषध मोकळे होते. पण ते वितळते साधारण ३४ अंशांच्या आसपास. लंडनमध्ये ठीक, मुंबईच्या मे महिन्यात वडी डबीतच मऊ पडणार. रबराचेही तसेच. दमट हवेत ते लवकर चिवटपणा सोडते आणि तेल लागले तर आणखी लवकर फाटते. कोकणी घरात हाताशी असते ते खोबरेल. कोणी सांगितले नाही, तर माणूस तेच वापरणार आणि साधन कुचकामी म्हणून सोडून देणार. रबरी टोपीची अडचण वेगळी. ती मापाने बसवावी लागते, त्यासाठी शिकलेली नर्स किंवा स्त्री डॉक्टर हवी.

या वस्तूंना किमतीपेक्षा माहितीची गरज जास्त होती, आणि ती देण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. त्या काळात औषध विकायला या देशात शिक्षणाची अट नव्हती. दवाखान्यात डॉक्टरच्या हाताखाली मिक्स्चर ढवळत शिकलेला कंपाउंडर, वाण्याच्या दुकानात कुनैन विकणारा दुकानदार आणि पदवी घेतलेला केमिस्ट, कायद्याच्या लेखी सगळे सारखे. वर्तमानपत्रांत शक्तिवर्धक गोळ्यांच्या, गुप्तरोग आठ दिवसांत बरे करणाऱ्या चूर्णांच्या जाहिराती भरभरून येत. गोळीत काय आहे हे छापायचे बंधन नव्हते. या बाजाराची पाहणी करायला सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली ती १९३० मध्ये. औषधांचा कायदा त्यानंतर दहा वर्षांनी, १९४० साली आला, आणि औषध देणाऱ्याने शिकलेले व नोंदलेले असावे असे सांगणारा फार्मसी कायदा १९४८ मध्ये.

या मधल्या काळात कर्वे काम करत होते. १९२३ साली त्यांनी संततिनियमनावर मराठीत पुस्तक लिहिले. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावरही लिहिले. पेनिसिलीन अजून आलेले नव्हते. उपदंशावर आर्सेनिकची इंजेक्शने देत. अशा वेळी रोग होऊच नये म्हणून काय करावे हे सांगणारे पुस्तक म्हणजे अर्धे औषधच. साधने पुरवण्यासाठी त्यांनी ‘राइट एजन्सी’ चालवली. पुस्तके आणि साधने टपालाने मागवता येत. दुकानात जाऊन तोंडाने मागण्याची ज्याला लाज वाटते, त्याला टपाल सोयीचे.

याची किंमत त्यांना ताबडतोब मोजावी लागली. ते तेव्हा विल्सन महाविद्यालयात गणित शिकवत. मिशनऱ्यांच्या संस्थेला प्राध्यापकाचा हा उद्योग मानवला नाही. प्रचार किंवा नोकरी, अशी निवड समोर आली तेव्हा कर्व्यांनी नोकरी सोडली. पुढे घर बराच काळ पत्नी मालतीबाईंच्या कमाईवर तगले. मूल होऊ द्यायचे नाही, हा निर्णय या जोडप्याने स्वतःपुरताही पाळला. कर्व्यांचे चरित्र सांगताना मालतीबाईंना एका वाक्यात उरकण्याची पद्धत आहे. पण तिकडे पगार येत होता म्हणून इकडे मासिक निघत होते, हा हिशेब गणित्याच्या घरातला आहे आणि तो साधा आहे.

‘समाजस्वास्थ्य’ हे ते मासिक. पहिला अंक जुलै १९२७ चा. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे, त्यामुळे पुष्कळांनी ते न उघडताच नाव ठेवले. आत लेख असत, परीक्षणे असत. पण डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे. पाळी, स्वप्नावस्था, हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण, लग्नानंतरच्या अडचणी. माणूस हे सारे आईबापांना विचारू शकत नव्हता आणि डॉक्टरसमोर बसूनही विचारू शकत नव्हता. कर्वे थोडक्यात, कोरडेपणाने, उपदेश न करता उत्तर देत. हस्तमैथुनाने शक्ती जात नाही, हे तेव्हा सांगणे म्हणजे शक्तीच्या गोळ्या विकणाऱ्यांच्या पोटावर पाय होता. धातू गेल्याने अशक्तपणा येतो या समजुतीतून होणाऱ्या त्रासाला मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात असे तरुण आजही येतात, आणि बहुतेक वेळा आधी कुठल्यातरी काउंटरवरून टॉनिकची बाटली घेऊनच येतात.

नेमक्या या उत्तरांनीच कर्व्यांना न्यायालयात नेले. पहिला खटला १९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखासाठी झाला होता. शंभर रुपये दंड झाला. दुसरा १९३४ चा, वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून. यात त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मासिकाचा विषयच लैंगिक आरोग्य असेल, तर त्यावरच्या प्रश्नांना शास्त्रीय उत्तर देणे अश्लील कसे ठरते, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटला हरला. दंड दोनशे रुपये. शास्त्रीय माहिती देणाऱ्याला दंड आणि खोटी औषधे विकणारे मोकळे, अशी ही व्यवस्था. जादुटोण्याच्या व फसव्या उपायांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ साली झाला, तेव्हा कर्वे हयात नव्हते.

त्यांच्या कामाला मर्यादाही होत्या. केवळ शुक्राणुनाशकावर विसंबणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी वीसहून अधिक जणींना वर्षभरात गर्भ राहतो, असे आजचे आकडे सांगतात. क्विनीनच्या वड्या याहून सरस असण्याचे कारण नाही. निरोधात हे प्रमाण तेराच्या आसपास, तेही आजच्या दर्जाच्या. शिवाय टपालाने साधन जाते. तपासणी जात नाही. लिहिता-वाचता येणारा मध्यमवर्ग त्यांच्यापर्यंत पोचला. ज्या बाईला सातव्या खेपेची भीती होती, ती बहुधा निरक्षर होती. त्यात कर्व्यांची लेखणी बोचरी. विरोधकाला चुचकारणे त्यांना जमत नसे, आणि जमवावे असे वाटतही नसावे.

तरी वारा फिरलाच. म्हैसूर संस्थानाने १९३० मध्येच सरकारी केंद्रे उघडली होती. मुर्डीच्या परांजप्यांची कन्या शकुंतलाबाईंनी याच कामाला वाहून घेतले. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. असे करणारा हा जगातला पहिला देश. कर्वे तेव्हा सत्तरीत होते. १४ ऑक्टोबर १९५३ ला ते गेले आणि त्यांच्यामागोमाग ‘समाजस्वास्थ्य’ही बंद पडले.

१९६८ मध्ये ‘निरोध’ बाजारात आला. तीन नगांचे पाकीट पंधरा पैशांना. सरकारने तो खेडोपाडी पोचवायला चहा, साबण आणि सिगारेट विकणाऱ्या कंपन्यांची साखळी वापरली, कारण औषधांची दुकाने शहराबाहेर फारशी नव्हती. कायद्याच्या दृष्टीने मात्र निरोध हे औषधच आहे. औषध नियमांच्या ‘आर’ परिशिष्टात त्याचा दर्जा ठरवून दिला आहे. ज्या वस्तूपायी प्राध्यापकाची नोकरी गेली, ती पानाच्या टपरीवर मिळू लागली. सोबतची माहिती मात्र मिळेनाशीच राहिली.

आता दुकाने गावोगावी आहेत आणि काउंटरमागे डी.फार्म., बी.फार्म. झालेली मुले-मुली आहेत. २००८ पासून सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम सुरू झाला. २०१५ च्या नियमांनी रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे काम म्हणून लिहून ठेवले. तरीही निरोधाचे किंवा सॅनिटरी पॅडचे पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून, न बोलता पुढे सरकवले जाते.

संबंधानंतर घ्यायची गर्भनिरोधक गोळी २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळते. घेणारी बहुतेकदा डॉक्टरकडे जाणार नसते. तिला भेटणारा शिकलेला माणूस एकच, काउंटरवरचा. गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. क्षयाचे रिफाम्पिसिन किंवा फेफऱ्याची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधे चालू असतील तर तिचा परिणाम कमी होतो, आणि क्षयरोग आपल्याकडे दुर्मिळ नाही. ती संसर्गापासून वाचवत नाही. आणि ती गर्भपाताची गोळी नव्हे. गर्भपाताच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय देणे बेकायदा आहे. त्या परस्पर घेऊन रक्तस्राव घेऊन येणाऱ्या बायका सरकारी रुग्णालयांना नव्या नाहीत. हे सगळे सांगायला दोन मिनिटे पुरतात, पण मागे चार गिऱ्हाइके उभी असतात, मालक पाहत असतो, आणि विचारणारी मुलगी आधीच ओढणी सावरत दाराकडे निघालेली असते.