अल्डो लिओपोल्ड : लांडगे मारले, हरणं वाढली अन् डोंगर उजाड झाला

हरीण नेमकं कुठं सापडतं, हा शिकाऱ्याचा जुना प्रश्न. अमेरिकेच्या अल्डो लिओपोल्ड यांनी त्याच्या उत्तरासाठी अख्खं आयुष्य घातलं.

११ जानेवारी १८८७ रोजी आयोवा राज्यातल्या बर्लिंग्टन गावात त्यांचा जन्म झाला. वडिलांचा हात धरून मिसिसिपी नदीकाठी ते शिकार शिकले. येल विद्यापीठातून वनशास्त्र शिकून १९०९ मध्ये ते सरकारी वनखात्यात लागले आणि अॅरिझोनाच्या जंगलात रुजू झाले.

तेव्हा हिशेब सरळ होता. लांडगे कमी झाले की हरणं वाढणार अन् शिकाऱ्यांची चैन होणार. लिओपोल्डही दिसेल तो लांडगा टिपत. पण पुढं उलटंच झालं. लांडगे संपलेल्या डोंगरांवर हरणं इतकी वाढली की झाडोरा खाऊन फस्त झाला, आणि मग हरणंच उपाशी मेली. हे पाहून गड्याचं मत पार फिरलं. शिकार मात्र सुटली नाही.

सरकारी जमिनीवर रस्ते वाढतील तसं खरं रान संपेल, हे त्यांनी ओळखलं. त्यांच्या पाठपुराव्यामुळं १९२४ मध्ये न्यू मेक्सिकोतलं गिला जंगल मोटाररस्त्यांविना राखलं गेलं. तिथं शिकार चाले, पण पायी नाहीतर घोड्यावर.

१९३३ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी जागेचं गणितही मांडलं. जिथं चारा आणि लपण जवळजवळ असतं, तिथं जनावर जास्त. म्हणजे दाट रानाच्या पोटात शोधण्यापेक्षा रान आणि शेत मिळतात तो काठ बघावा. बांधावरची झुडपं का राखायची, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

खासगी जमिनीचा पेच वेगळा होता. अमेरिकेत रानातलं जनावर जनतेचं, पण जमीन शेतकऱ्याची. नुकसान त्याचं, मजा शहरी शिकाऱ्याची. म्हणून १९३१ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या रायली गावात त्यांनी दोघांची मोट बांधली. पक्ष्यांच्या शिकारीसाठी शेतकऱ्यांनी जमीन दिली, शहरवाल्यांनी खर्च उचलला.

१९३५ मध्ये त्यांनी स्वतः विस्कॉन्सिन नदीकाठी एक कस गेलेलं शेत घेतलं. कोंबड्यांच्या खुराड्याची झोपडी केली आणि घरच्यांना घेऊन हजारो झाडं लावली.

राज्याच्या संवर्धन आयोगावर असताना त्यांनी हरणं कमी करण्यासाठी माद्यांच्याही शिकारीची बाजू घेतली. १९४३ मध्ये तशी मुभा मिळाली आणि लोक खवळले. एकेकाळी हरणं वाढावीत म्हणून झटलेल्या माणसाला हरणांचा वैरी ठरवलं गेलं. तरी त्यांनी बाजू बदलली नाही.

२१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या रानात वणवा लागला. तो विझवायला धावलेल्या लिओपोल्ड यांना हृदयविकाराचा झटका आला आणि तिथंच त्यांचा अंत झाला. त्या शेतावरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक पुढच्या वर्षी छापून आलं. ते पाहायला ते नव्हते. लावलेली झाडं मात्र वाढत होती.