परक्या देशाचा इतिहास आपला मानणारे फादर हेरास



मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे नाव आपणां सर्वांना परिचित आहे. येशूसंघीय धर्मगुरूंनी ते १८६९ साली सुरू केले. मुंबई विद्यापीठ त्याआधी बारा वर्षे, १८५७ साली स्थापन झाले होते. कॉलेज कॅथलिक, पण त्या काळी परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. वर्गातले बहुतेक विद्यार्थीही इतर धर्मांचे. मग अशा ठिकाणी धर्मगुरूचे काम काय? या प्रश्नाचे उत्तर आम्हांला फादर हेन्री हेरास यांच्या जीवनात सापडते.

त्यांचा जन्म १८८८ साली स्पेनमधील बार्सिलोना येथे झाला. कॉलेज उभारणारे धर्मगुरू जर्मन होते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने त्यांना येथून हलवले. पुढे त्यांची जागा स्पॅनिश येशूसंघीयांनी घेतली. त्यांच्यापैकीच फादर हेरास १९२२ साली मुंबईत आले. कोणता इतिहास शिकवणार असे विचारल्यावर त्यांनी भारताचा इतिहास निवडला. त्याविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही, म्हणून आधी तो शिकावा लागेल, असेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले, अशी आठवण सांगतात.

आणि ते खरोखर शिकले. १९२६ साली त्यांनी कॉलेजात भारतीय इतिहास संशोधन संस्था स्थापन केली. विजयनगरच्या अरविडू घराण्यावरील त्यांचा ग्रंथ १९२७ साली प्रसिद्ध झाला. संस्थेत त्यांनी पुस्तके, नाणी आणि शिल्पे जमवली. बुद्धाच्या मूर्तींशेजारी ख्रिस्ती कलेचे नमुनेही जपले.

सिंधू संस्कृतीच्या लिपीने त्यांना अनेक वर्षे झपाटले. ती भाषा द्राविडी कुळातील असावी, असे त्यांचे मत होते. द्राविडी भाषांत मीन म्हणजे मासा आणि तारा असे दोन्ही अर्थ होतात. म्हणून मुद्रांवरील माशाचे चिन्ह ताऱ्यासाठी असावे, असे त्यांनी सुचवले. त्यांनी केलेले लिपीवाचन विद्वानांनी मान्य केले नाही आणि ती लिपी आजही उलगडलेली नाही. पण माशाची ही कल्पना पुढच्या अभ्यासकांनी उचलून धरली. प्रामाणिक कष्ट पूर्ण यशस्वी झाले नाहीत, तरी वाया जात नाहीत.

गोव्यात जन्मलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका पवित्र मरियेला साडीत रंगवू लागले, तेव्हा अनेक ख्रिस्ती लोकांनाच ते रुचले नाही. फादर हेरास मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले. भारतीय असणे आणि ख्रिस्ती असणे यांत त्यांना विरोध दिसत नव्हता.

१४ डिसेंबर १९५५ रोजी ते मुंबईत निवर्तले. पुढे त्यांच्या संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले आणि १९८१ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

ख्रिस्ती माणूस परका, हा आरोप आपल्याला अधूनमधून ऐकावा लागतो. रागावून त्याचे उत्तर देता येत नाही. परदेशातून आलेल्या एका धर्मगुरूने ते तेहतीस वर्षांच्या अभ्यासाने दिले. आपण तर याच मातीतले. आपल्या मुलांना पदवी मिळावी, ही आपली इच्छा योग्यच आहे. पण आपल्या गावाचा, भाषेचा आणि शेजाऱ्यांचा इतिहासही त्यांना ठाऊक असावा. माळ्यावरच्या पेटीतील जुनी कागदपत्रे रद्दीत घालण्याआधी एकदा मुलांसोबत उघडून पाहू या. ज्ञानाची आवड हे प्रभूचेच दान आहे. ते आपल्या घरांत वाढो, ही प्रार्थना.